कोणीच भीत नाही असे सिनेमे

आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये आता खराडीच्या कंपन्यांमध्ये जाणारी तीन मुलं राहतात. सभ्य आहेत. लिफ्टमध्ये भेटली की 'हाय आंटी' म्हणतात, कचरा वेळेवर बाहेर ठेवतात आणि घरात असली की कानात काहीतरी खुपसून बसलेली असतात, त्यामुळे आवाज म्हणून येत नाही. शेजार कसा हवा असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी असाच मागून घेतला असता. आता मात्र दुपारचा चहा टाकला की माझा कान समोरच्या दाराकडे जातो. तिथून तोफांचे आवाज यायला हवेत असं वाटतं. ते येत नाहीत आणि मला करमत नाही.

त्या तोफा वानखडे काकांच्या. काका गेले तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला होते. नवऱ्याने फोनवर सांगितलं, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. असं सगळ्यांच्याच बाबतीत सांगतात. मी येईपर्यंत घर रिकामं होऊन गेलं होतं.

काका अमरावतीकडचे, दर्यापूरचे. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारे. बायको गेल्यावर ते तिकडे एकटे पडले, म्हणून मुलाने त्यांना वाघोलीला आणून ठेवलं. मुलगा प्रफुल, एकुलता एक, सैन्यात मेजर. खडकवासल्याला त्याचं प्रशिक्षण झालं होतं, तेव्हापासून त्याला पुण्याची हवा आवडायची, म्हणून त्याने इथे फ्लॅट घेतला. ती हवा खायला आता वडील होते आणि तो स्वतः सीमेवर कुठेतरी होता. नेमका कुठे, ते काकांनाही ठाऊक नसायचं. दर्यापुरात एकटे होते ते वाघोलीत एकटे झाले, एवढाच काय तो फरक. तिकडे निदान स्टँडवर जाऊन बसता यायचं, चार ड्रायव्हर-कंडक्टर नमस्कार करायचे. इथे वॉचमनसुद्धा त्यांना पहिले काही महिने 'कहाँ जाना है' असं विचारत असे.

आमची ओळख भांडणाने झाली. भांडण अर्थात माझ्याकडून. मी मूळची नारायण पेठेतली. आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या माहेरी परदेशी निघालेल्या माणसासारखा माझा निरोप झाला होता. शेजारच्या आवाजाबद्दल तक्रार करायला मला फारशी तयारी लागत नाही. मी जवळच्या एका कॉलेजात शिकवते. त्या दुपारी पेपर तपासायला बसले होते आणि समोरून रणगाडे, मशीनगन आणि मरणाऱ्यांच्या किंकाळ्या सलग येत होत्या. मी जाऊन बेल वाजवली. दार उघडलं एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. पांढरा लेंगा, बाह्यांचा बनियन, कानावर मफलर. एप्रिल महिना होता.

मी म्हटलं, "अहो, तुमचं युद्ध किती वाजता संपणार आहे ते सांगितलंत, तर त्यानंतर मी कामाला बसेन."

हे असं बोललं की पेठेत समोरचा माणूस दुप्पट तिरका बोलतो आणि दोघांनाही बरं वाटतं. काकांनी मात्र घड्याळात पाहिलं आणि मनापासून उत्तर दिलं, की सिनेमा आता अर्धाच झाला आहे, अजून तासभर तरी लागेल. मग म्हणाले, मी आत येऊन थोडा पाहावा आणि माझं मत सांगावं. मत विचारलं की पुणेरी माणूस अडकतो. मी आत गेले.

दिवाणखान्यात एक उंची सोफा होता आणि त्यावर चादर घातलेली होती. काका स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. सोफा प्रफुलने घेतला आहे, तो आला की बसेल, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र चादर काढून बसायला दिलं. पडद्यावर एक दंड फुगवलेला नायक गोळ्यांच्या वर्षावात उभा राहून भाषण करत होता. काकांनी रिमोटने चित्र थांबवलं, नायकाचं तोंड उघडंच राहिलं.

"आता हे पाहा ताई," ते म्हणाले. "चारही बाजूनं गोळ्या चालून राहिल्या, आणि हा उभा राहून बोलून राहिला. याले भेव नाही वाटत?"

भेव म्हणजे भीती, हे मला समजायला एक क्षण लागला. मी म्हटलं, हिरो आहे तो, त्याला कसली भीती.

"हिरो असला म्हणून काय झालं जी? पोटात आतडे त असतीनच ना?"

त्या दिवशी मी एकही पेपर तपासला नाही.

त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा मी समोर जाऊ लागले. काका दिवसाला एक या हिशेबाने युद्धपट पाहत. हिंदी, इंग्रजी, दक्षिणेकडचे हिंदीत बोलणारे, मालिका, जुनं, नवं, काही म्हणून सोडत नसत. टीव्हीवरच्या अ‍ॅपची वर्गणी प्रफुलने भरलेली होती. बाकी कुठला सिनेमा लावलेला मी त्यांना कधी पाहिलं नाही. प्रेमकथा लागली तर ते 'रस्ता चुकलो' म्हणून परत फिरत. एकेक सिनेमा झाला की त्यावर त्यांचं मत तयार असे आणि ते मत स्टँडवरच्या माइकच्या आवाजात येई. नाकातून, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. 'पहिला अर्धा तास गाडी वेळेवर. मध्यंतरापर्यंत लेट. शेवटी गाडी सुटलीच नाही.' हे एका मोठ्या गाजलेल्या सिनेमाचं परीक्षण. वैमानिकांवरच्या सिनेमाबद्दल म्हणाले, विमानं कमी आणि गॉगल जास्त. बर्फातल्या लढाईत एका नायकाने शर्ट काढला तेव्हा काकांनी तिथेच टीव्ही बंद केला आणि त्याला न्यूमोनिया होईल असं म्हणत अंघोळीला गेले.

पण हे सगळं वरवरचं. खरी कसोटी एकच होती आणि तिच्यावर ते प्रत्येक सिनेमा घासून बघत. यात कोणी भितो का? बहुतेक सिनेमांत कोणीच भीत नसे. ज्यात कोणी भीत असे, तो एकतर गद्दार निघे किंवा विनोदी असे. पाणबुडीच्या एका सिनेमात एक आचारी घाबरतो. त्याला जाड दाखवला होता आणि तो घाबरला की पार्श्वभूमीला पिपाणी वाजे. काकांना त्याचा फार राग आला. एक माणूस खरा होता त्या बोटीत, त्याचंच माकड केलं, असं म्हणाले. सिनेमातल्या वडिलांवरही त्यांचा दात होता. मुलगा लढाईवर निघाला की हे वडील छाती फुगवतात, भिंतीवरच्या तसबिरीकडे बघतात आणि अभिमानाने डोळे पुसतात. एकाच्याही पोटात दुखत नाही, हे काकांचं म्हणणं.

प्रत्येक मत ते फोनवर बोलून प्रफुलला पाठवत. त्याला रेंज येई तेव्हा येई. मग केव्हातरी उत्तर येई, ते म्हणजे एक पिवळा अंगठा. बाकी काही नाही. काका मला मुद्दाम दार वाजवून तो अंगठा दाखवायला येत. अंगठा आला म्हणजे बरा आहे, असं म्हणत आणि परत जात. मला सुरुवातीला हसू यायचं. पुढे पुढे ते येईनासं झालं. एवढं लांबलचक बोलायचं आणि उत्तराला अंगठा. पण त्यांनी मुलाबद्दल कधी तक्रारीचा सूर काढला नाही.

एका प्रजासत्ताक दिनी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर युद्धपट दाखवायचं ठरलं. सिनेमा देशभक्तीचा, दणदणीत. लहान मुलांच्या गालांवर तिरंगे रंगवलेले, मागच्या बाजूला समोसे. सिनेमा संपल्यावर सेक्रेटरींनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, की आपल्यात एका मेजरसाहेबांचे वडील आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. काका इतक्या वर्षांनी माइक मिळाला म्हणून असेल, पण लगबगीने पुढे गेले. इस्त्रीचा सदरा घातला होता. माइकवर आधी टिचकी मारून पाहिली, तीही सवयीने.

"सिनेमा चांगला आहे," ते म्हणाले. "पडदा मोठा, फोटो साफ. पण त्या पोराले एकदाही भेव वाटलं नाही, हे मले पटलं नाही. माहा प्रफुल बकरीले भ्यायचा. अजूनही कशाकशाले भेत असन. मले सांगत नाही, एवढंच आहे."

दोन-तीन लोक हसले. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. काकांना अजून बोलायचं होतं, पण सेक्रेटरींनी पुढे होऊन घोषणा द्यायला सुरुवात केली आणि सगळे सुटल्यासारखे ओरडले. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की अशा प्रसंगी जवानांचं मनोधैर्य खच्ची होईल असं काही बोलू नये, विशेषतः घरच्यांनी. खाली चाळीसेक माणसांनी हात जोडले होते. मी तिथे दोन ओळी खरमरीत लिहिल्या, त्यावर कुणीच हात जोडले नाहीत. पुढच्या स्वातंत्र्यदिनी विमाननगरहून एक निवृत्त लष्करी अधिकारी बोलावले गेले. त्यांनी लोकांना हवं तसं भाषण केलं. काका मागच्या रांगेत बशी घेऊन बसले होते आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. परत येताना लिफ्टमध्ये म्हणाले, मागच्या वेळेला माझ्याकडून गाडी चुकीच्या फलाटाला लागली. त्यानंतर ते सोसायटीच्या कुठल्याच कार्यक्रमाला गेले नाहीत. खाली फिरायचे तेही सगळे गेल्यावर, उन्हात.

त्यांना पसंत पडलेली एकच मालिका मला आठवते. परदेशी होती, खूप जुन्या लढाईवरची, सगळा चिखल आणि करडा उजेड. खालच्या इंग्रजी ओळी वाचायला काकांना वेळ लागे. ते चित्र थांबवत, ओळ मोठ्याने वाचत, अडलेला शब्द मला विचारत आणि मग पुढे जात. त्यामुळे एका भागाला अख्खी दुपार लागायची. एके दिवशी त्यांनी माझं दार इतक्या जोरात वाजवलं की मला वाटलं कुठे आगबिग लागली. हाताला धरून मला नेलं आणि एक प्रसंग मागे घेऊन दाखवला. सकाळी हल्ला करायचा आहे. तुकडी तयार उभी आहे. एक पोरगेला शिपाई कडेला जाऊन लघवी करून येतो. रांगेत उभा राहतो आणि पुन्हा जातो. परत येतो, पुन्हा जातो. त्याचा अधिकारी घड्याळ बघतो, पण काही बोलत नाही. तो येईपर्यंत थांबतो.

काकांनी तो प्रसंग मला किती वेळा दाखवला कोण जाणे. मग टीव्ही बंद केला.

त्या दिवशी त्यांनी प्रफुलची गोष्ट सांगितली. पोर अतिशय भित्रं होतं. कुत्र्याला भ्यायचं, फटाक्यांना भ्यायचं, अंधारात परसाकडे जायला भ्यायचं. दिवाळीत स्टँडवर काकांच्या टेबलाखाली बसून राहायचं आणि त्यांच्या पायाला धरून ठेवायचं. स्टँडवरचे लोक चेष्टा करायचे. काकांना लाज वाटायची. बायको म्हणायची, होईल मोठा आपोआप. पण काकांनी ऐकलं नाही. भित्रा आहे म्हणूनच त्याला घरापासून लांब, सैनिकी वसतिगृहात घालायचं त्यांनी ठरवलं. चौथी झाल्यावर स्वतः घेऊन गेले. फाटकापाशी पोहोचल्यावर पोर म्हणालं, शू लागली. जाऊन आलं. पुन्हा म्हणालं, लागली. पुन्हा जाऊन आलं. तिसऱ्यांदा म्हणालं तेव्हा काका चिडले, कारण परतीची गाडी सुटायची वेळ झाली होती.

"मी म्हटलं, आता भ्यायचं नाही. माणसासारखं राहायचं," काका म्हणाले. "तो मान हलवून आत गेला. तेव्हापासून ताई, त्यानं मले एकदाही सांगितलं नाही का भेव वाटते म्हणून. आजपर्यंत नाही. मी म्हटलेलं पाळून राहिला तो."

मी म्हटलं, "अहो, गेली असेल भीती. मोठा झाला, मेजर झाला."

"गेली असन त चांगलंच आहे. पण गेली का नुसती लपवली, हे मले कसं कळन? त्याले विचारलं त म्हणते, सगळं ठीक आहे बाबा. मग मी कोणाले विचारू? म्हणून हे सिनेमे पाहतो. कुठंतरी दाखवतीन, वाटते."

ते इतकं सरळ म्हणाले की मला एकदम रडूच आलं. मी चहा करते म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक पातेलं, एक ताट, एक वाटी, एक पेला. सगळं धुऊन उपडं ठेवलेलं होतं.

मग ते दिवस आले, सीमेवर वातावरण तापलं ते. सगळे वृत्तवाहिन्यांना चिकटले होते. आमच्या सोसायटीत तर रोज संध्याकाळी बाकावर बसून लोक कुठली शहरं घ्यायची आणि कुठली सोडायची ते ठरवत होते. दिवे घालवायचा सराव झाला, त्यात मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. आणि समोरचा फ्लॅट एकदम गप्प झाला. आवाजाला कंटाळून ज्या दारावर मी पहिल्यांदा गेले होते, त्याच दारावर आता आवाज येत नाही म्हणून गेले.

काका खुर्चीत बसले होते. टीव्ही बंद. फोन मांडीवर. प्रफुलचा फोन लागत नव्हता आणि अंगठाही आला नव्हता. मी वरण-भात नेला होता, तो त्यांनी माझ्यासमोर चार घास खाल्ला आणि बाकीचा झाकून ठेवला. बातम्या लावू का म्हणून विचारलं तर नको म्हणाले. खाली बाकावरून घोषणा ऐकू येत होत्या. काकांनी उठून खिडकी लावून घेतली. पुन्हा येऊन बसले आणि म्हणाले, "त्याची आई असती त रडली असती. मले एकट्याले रडता येत नाही." मी तिथे बसून राहिले.

पुढे सगळं निवळलं आणि एका सकाळी फोन आला. मी तेव्हा तिथेच होते. काकांनी स्पीकर लावला. पलीकडून दमदार, मोकळा आवाज आला, की सगळं ठीक आहे बाबा, तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना? काका म्हणाले, घेतो. आणि संपलं. फोन ठेवल्यावर ते त्याच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. सुटका झाल्याचा आनंद होताच, पण त्याहून मोठं काहीतरी मागे राहून गेलं होतं.

त्या हिवाळ्यात प्रफुल सुट्टीवर आला. उंच, वडिलांसारखाच, पण ताठ. बोलायला अतिशय गोड. मला काकू म्हणाला, बाबांकडे लक्ष ठेवता म्हणून हात जोडून आभार मानले, गीझर दुरुस्त केला, पडद्यांचे रॉड बसवले. सोफ्यावरची चादर काढून काकांनी धुऊन घडी करून ठेवली होती. आणि त्यांनी एक बेत केला होता. ती परदेशी मालिका प्रफुलबरोबर बसून पाहायची, तो लघवीचा प्रसंग आला की विषय काढायचा. मलाही बोलावलं होतं. तुम्ही असल्या म्हणजे बोलणं निघेल, असं म्हणाले. मला अवघड वाटत होतं, तरी मी गेले.

प्रफुल सोफ्यावर बसला, पाय लांब केले. मालिका सुरू झाली. काका पडद्याकडे बघतच नव्हते, ते मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होते. प्रसंग जवळ आला तशी त्यांनी नजर पडद्याकडे वळवली. तो पोरगेला शिपाई कडेला गेला, आला, पुन्हा गेला. काकांनी खाकरून घसा साफ केला आणि मुलाला विचारलं, असं होतं का रे खरंच. प्रफुल झोपला होता. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. काकांनी रिमोट उचलून आवाज शून्यावर आणला. चादरीची घडी मोडून त्याच्या अंगावर घातली. मला खुणेने म्हणाले, झोपू द्या, तिकडे झोप मिळत नसेल. मी निघाले तेव्हा ते आवाजाशिवाय मालिका पाहत बसले होते.

बाकीचे दिवसही असेच गेले. कधी गाडीचा मेकॅनिक, कधी बँक, कधी खडकवासल्याला मित्राकडे जेवण. जायचा दिवस आला. विमान दुपारचं होतं, लोहगावचं विमानतळ आम्हाला जवळ, म्हणून मीच माझी गाडी काढली. विमानतळाच्या दारापाशी प्रफुलने बॅग उतरवली आणि वाकून नमस्कार केला. तो सरळ होत होता तेवढ्यात काकांनी त्याचं मनगट धरलं.

"प्रफुल, तुले होस्टेलवर सोडलं तेव्हा मी म्हटलं होतं, आता भ्यायचं नाही. ते माहं चुकलं रे. भेव वाटलं त वाटू दे. मले सांगत जा."

मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला. प्रफुल एक क्षण गोंधळला. मग हसून म्हणाला, "बाबा, किती जुनी गोष्ट आहे ती. काळजी घ्या." त्याने वडिलांच्या खांद्यावर थोपटलं, शिपायाला ओळखपत्र दाखवलं आणि काचेच्या दारातून आत गेला. काका तिथेच उभे होते. मी त्यांचा दंड धरून गाडीकडे वळवलं. मला त्या मुलाचा फार राग आला होता, खरं सांगते.

गाडीपाशी पोहोचलो तोच काकांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि ते भराभर पुन्हा काचेकडे चालू लागले. मी मागे गेले. आत, गर्दीच्या पलीकडे, प्रफुल एका खांबाकडे तोंड करून उभा होता. पाठ आमच्याकडे, मान खाली, फोन कानाला. तो काय बोलत होता ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. मला काकांचं तेवढं ऐकू येत होतं.

"हं," ते म्हणत होते. "हो रे. मग? तेव्हाही? नाही नाही, मी ऐकून राहिलो. तू बोल. तू बोलत राह्य."

शिपायाने त्यांना दारातून बाजूला व्हायला सांगितलं. ते झाडांच्या कुंड्यांपाशी सरकले, पण काचेवरून नजर काढली नाही. खूप वेळ ऐकत होते. शेवटी प्रफुलने पाठमोऱ्यानेच डोळ्यांवरून बाही फिरवली आणि वळून न बघता आतल्या गर्दीत गेला.

परतताना नगर रस्त्यावर नेहमीसारखी वाहनं तुंबली होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तरी काका उतरेनात.

"भेते म्हणला," ते म्हणाले. "दर वेळी. जायच्या आधी पोटात गोळा येते म्हणला, लहानपणी यायचा तसाच. हाताखालची पोरं सोबत असतात, त्यांच्यासमोर दाखवता येत नाही म्हणला."

मी म्हटलं, "बोलला ना अखेर? तुम्हाला हेच हवं होतं."

"हो जी, हेच पाह्यजे होतं." ते हातातल्या फोनकडे बघत होते. "पण तेव्हा फाटकापाशी मी म्हटलं असतं, भेव वाटते त चाल घरी, त तो आला असता. आता म्हणता येत नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तुम्ही जा वर, मी थोड्या वेळाने येतो. मला दुसऱ्या दिवशी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघायचं होतं, सामान भरायचं बाकी होतं, म्हणून मी वर गेले. कपडे काढायला गॅलरीत आले तेव्हा काका खाली फाटकाजवळच्या बाकावर बसलेले दिसले. ऊन होतं, आजूबाजूला कोणी नव्हतं. लोहगावहून उडालेली विमानं आमच्या डोक्यावरून जातात, त्या दुपारीही एकामागून एक जात होती. विमानाचा आवाज आला की काका बाकावरून उठत, मान वर करून उभे राहत आणि ते दिसेनासं झालं की पुन्हा बसत. प्रफुलचं विमान कुठलं ते कळायला काही मार्ग नव्हता, म्हणून ते प्रत्येक विमानाला उठून उभे राहत होते.